बंद पडलेल्या यंत्राची खबर

अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्यापलीकडे ग्रेट डक आयलंड नावाचं छोटंसं बेट आहे. एरवी समुद्रावरच राहणारा लीचेस स्टॉर्म पेट्रेल हा पक्षी विणीसाठी तिथे येतो आणि जमिनीत बीळ करून अंडं घालतो. माणसाची वर्दळ त्याला मानवत नाही. बिळात वारंवार डोकावलं तर तो घरटं सोडून जाण्याची भीती असते. म्हणून २००२च्या उन्हाळ्यात बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, इंटेलची तिथली प्रयोगशाळा आणि मेनमधलं कॉलेज ऑफ द अटलांटिक यांनी बिळांत आणि बिळांच्या आसपास सेन्सर असलेले, बॅटरीवर चालणारे छोटे नोड ठेवले. तापमान, आर्द्रता, हवेचा दाब मोजायचा आणि रेडिओवरून जवळच्या गेटवेकडे, म्हणजे नोंदी पुढे धाडणाऱ्या यंत्राकडे, पाठवायचा, एवढंच त्यांचं काम.

काही दिवसांतच विचित्र आकडे येऊ लागले. आर्द्रता शून्य ते शंभर टक्क्यांच्या बाहेर जाऊच शकत नाही. पण काही नोड शंभराच्या वरचे, तर काही शून्याखालचे आकडे कळवत होते. त्यांच्यात पाणी शिरलं होतं. असे आकडे पाठवणाऱ्यांपैकी बरेच नोड थोड्याच काळात कायमचे गप्प झाले. हंगाम संपल्यावर नोंदी चाळताना संशोधकांच्या ध्यानात आलं, की तो अशक्य आकडा हीच नोड बंद पडण्याची आगाऊ सूचना होती. ती ओळखणारं कोणी बेटावर असतं, तर त्या नोडची माहिती वेळीच बाजूला काढता आली असती आणि त्याच्या जागी दुसराही ठेवता आला असता.

बेटावरची रचना तीन पायऱ्यांची होती. खाली सेन्सर, मध्ये गेटवे आणि बेटावरचाच एक संगणक, आणि उपग्रहाच्या दुव्यापलीकडे दूर बर्कलीतला सर्व्हर. साधारण दहा वर्षांनी याच घडणीला फॉग कॉम्प्युटिंग हे नाव मिळालं. दूरच्या क्लाउडवर सगळा भार न टाकता काही हिशेब आणि काही निर्णय उपकरणांच्या शेजारीच, गेटवेत किंवा राउटरमध्ये उरकायचे, ही त्यामागची कल्पना. खांबावरचा कॅमेरा, कारखान्यातलं मीटर, पाइपलाइनवरचा व्हॉल्व्ह, शेतातला पंप अशी लाखो उपकरणं आज या मधल्या पायरीच्या आधाराने चालतात.

ही मधली पायरी उघड्यावर असते. डेटा सेंटरला वातानुकूलन असतं, जनरेटर असतो, चोवीस तास माणसं असतात. रस्त्यावरच्या पेटीतल्या गेटवेला यातलं काही मिळत नाही. त्यात पाणी शिरतं, उंदीर वायर कुरतडतात, वीज जाते, नेटवर्क जातं, बॅटरी संपते. त्यामुळे फॉगची खरी परीक्षा त्याच्या वेगात नसून एखादं यंत्र बंद पडल्यावर बाकीची काय करतात, यात आहे. या परीक्षेची तयारी फॉगचा जन्म होण्याच्या साठ वर्षं आधीपासून सुरू झाली होती. प्रत्येक उपायामागे कुठलं तरी बंद पडलेलं यंत्र आहे.

फेब्रुवारी १९४६मध्ये जगापुढे आलेल्या एनिअॅक या संगणकात जवळपास १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या. इतक्या ट्यूबांचं यंत्र सलग चालूच शकणार नाही, असं अनेक जाणकारांचं मत होतं. प्रेस्पर एकर्ट यांनी ट्यूबांना त्यांच्या क्षमतेपेक्षा कमी दाबाने वीज दिली. यंत्र बंद-चालू करताना ट्यूब जास्त जातात हे कळल्यावर ते शक्यतो बंदच करायचं नाही, असं ठरलं. तरीही दर एक-दोन दिवसांनी एखादी ट्यूब जायचीच. कोणती गेली ते शोधून तंत्रज्ञ ती बदलायचे आणि काम पुढे सुरू व्हायचं. माणूस यंत्राच्या शेजारी उभा होता, म्हणून हे जमलं.

माणूस शेजारी नसेल तर काय करायचं, याचा मुळातून विचार जॉन फॉन नॉयमन यांनी केला. १९५२च्या आरंभी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्यांनी दिलेली व्याख्यानं १९५६मध्ये छापून आली. भरवसा नसलेल्या सुट्या भागांपासून भरवशाचं यंत्र कसं घडवायचं, हा त्यांचा विषय होता. त्यांचं उत्तर असं : तेच काम अनेक भागांना द्या आणि बहुमत माना. एखादा भाग चुकणार हे गृहीत धरूनच यंत्राची रचना करा.

ही कल्पना प्रत्यक्षात उतरली ती प्रागमध्ये. अँतोनिन स्वोबोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात सापो नावाचा संगणक बांधला. समाजवादी चेकोस्लोव्हाकियात उत्तम दर्जाचे सुटे भाग मिळणं कठीण होतं. हजारो रिले वापरून बांधलेलं ते यंत्र चुकणार, हे स्वोबोदांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आकडेमोडीचा विभाग एकाऐवजी तीनदा बांधला. तिघांचं उत्तर जुळलं तर प्रश्नच नाही, दोघांचं जुळलं तर ते खरं धरायचं, आणि तिन्ही उत्तरं वेगळी आली तर तीच क्रिया पुन्हा करायची. आज एखाद्या टाकीतल्या पाण्याची पातळी तीन सेन्सरांकडून घेऊन मधला आकडा खरा धरला जातो, तेव्हा स्वोबोदांचीच पद्धत वापरात असते.

यंत्रं एकमेकांपासून दूर गेली, तसा प्रश्न बदलला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रँड कॉर्पोरेशनमध्ये पॉल बॅरन असं दूरसंचार जाळं शोधत होते, की ज्याची अनेक केंद्रं अणुहल्ल्यात नष्ट झाली तरी उरलेली एकमेकांशी बोलू शकतील. १९६४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालांचं सार असं, की सगळ्या तारा एका मध्यवर्ती केंद्रात नेल्या तर ते एक केंद्र पडताच सगळं संपतं. प्रत्येक केंद्र तीन-चार शेजाऱ्यांशी जोडलेलं असलं, तर फार मोठा विध्वंस होऊनही उरलेल्यांचं जाळं टिकून राहतं. संदेशाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याने मिळेल त्या वाटेने जायचं, ही युक्तीही त्यांचीच. पुढे आर्पानेट आणि इंटरनेट याच धर्तीवर उभे राहिले.

बॅरन यांच्या मांडणीत एक गोष्ट जमेस धरलेली होती : निकामी केंद्र गप्प बसतं. ते गप्प न बसता चुकीचं बोलत राहिलं तर काय होतं, ते २७ ऑक्टोबर १९८० रोजी दिसलं.

त्या दिवशी आर्पानेट कित्येक तास वापरण्याजोगं राहिलं नाही. कुठेही तार तुटली नव्हती. या जाळ्यातलं संदेश वाहणारं प्रत्येक यंत्र आपल्या दुव्यांची स्थिती ठरावीक काळाने सगळ्यांना कळवायचं. कोणती बातमी ताजी आणि कोणती शिळी, हे कळावं म्हणून प्रत्येक बातमीवर शून्य ते ६३ यांपैकी एक अनुक्रमांक असायचा. ६३नंतर पुन्हा शून्य येत असल्याने ताजेपणा गोल मोजला जायचा : एखादा क्रमांक दुसऱ्याच्या पुढे अर्ध्या फेरीपर्यंत असेल, तर तो ताजा.

जाळ्यातल्या एका यंत्राच्या मेमरीत बिघाड होता आणि त्यातले बिट गळत होते. त्यामुळे ५० क्रमांकाच्या यंत्राच्या एकाच बातमीच्या तीन प्रती जाळ्यात पसरल्या, ४४, ४० आणि ८ या क्रमांकांच्या. हे तीन आकडे द्विमान पद्धतीत मांडले की खेळ उघड होतो : १०११००, १०१०००, ००१०००. दर वेळी एकेक बिट गळून १चा शून्य झाला आहे. आता नियम लावून पाहिला, तर ४० हा ८पेक्षा ताजा, ४४ हा ४०पेक्षा ताजा आणि गोल मोजणीमुळे ८ हा ४४पेक्षा ताजा ठरतो. प्रत्येक यंत्र आलेली बातमी ताजी समजून जुनी पुसायचं आणि शेजाऱ्यांना पाठवायचं. तेही तेच करायचे. या बातम्यांना सर्वाधिक प्राधान्य असल्याने यंत्रांना दुसऱ्या कामाला सवडच उरली नाही.

एखादं यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्याने काही साधलं नसतं, कारण त्याचे शेजारी लगेच त्या तिन्ही प्रती पुन्हा त्याच्या गळ्यात मारणार होते. शेवटी जाळं सांभाळणाऱ्या बीबीएन कंपनीच्या अभियंत्यांनी यंत्रांच्या प्रोग्रॅममध्ये तात्पुरती दुरुस्ती केली : ५० क्रमांकाकडून आलेली कुठलीही बातमी मानायची नाही. तेव्हा कुठे जाळं पूर्वपदावर आलं. एरिक रोझेन यांनी १९८१मध्ये या घटनेचा सविस्तर अहवाल लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला गेला. संदेश वाटेत बिघडू नये म्हणून तपासणी होती, पण मेमरीत पडून असताना तो बिघडला तर ते पकडणारं काही नव्हतं, ही उणीव त्यातून उघड झाली. मेलेलं यंत्र आपल्यापुरतं नुकसान करतं, चुकीचं बोलणारं यंत्र सगळ्यांचं करतं, हे तेव्हापासून जाळी बांधणाऱ्यांच्या मनावर ठसलं.

योगायोगाने याच सुमारास लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टॅक आणि मार्शल पीस हे तिघं विमानाचं नियंत्रण करणाऱ्या संगणकांसाठी याच प्रश्नाचं गणित मांडत होते. १९८२मधल्या त्यांच्या निबंधात शहराला वेढा घालून बसलेले बायझंटाइन सेनापती आहेत आणि त्यांच्यातले काही फितूर आहेत. एका फितुराला निष्प्रभ करायचं, तर एकूण निदान चार सेनापती लागतात, दोन फितुरांसाठी सात. म्हणजे खोटं बोलणाऱ्या यंत्रापासून संरक्षण हवं असेल, तर नुसत्या बंद पडणाऱ्या यंत्रापेक्षा कितीतरी अधिक राखीव यंत्रं लागतात. स्वस्तातल्या गेटवेंना हा खर्च झेपत नाही. म्हणून फॉगमध्ये वेगळी वाट काढतात : सेन्सरचा आकडा शक्यतेच्या मर्यादेत आहे का, शेजारच्या सेन्सरांशी जुळतो का, कालच्या आकड्यांशी त्याचा काही मेळ आहे का, हे गेटवेच पाहतो आणि संशयित सेन्सरला हिशेबातून वगळतो. ग्रेट डक आयलंडवरचा अशक्य आकडा असा जागच्या जागी पकडला गेला असता.

दुसरीकडे, गप्प बसणाऱ्या यंत्राचा प्रश्न बँकांनी आणि शेअर बाजारांनी ऐरणीवर आणला. त्यांच्या व्यवहारात एखादा तासही काम थांबून चालत नव्हतं. टँडम कॉम्प्युटर्स ही कंपनी १९७४मध्ये स्थापन झाली आणि १९७६मध्ये तिचा पहिला नॉनस्टॉप संगणक ग्राहकाकडे गेला. त्यात अनेक प्रोसेसर होते. प्रत्येक जण दर सेकंदाला बाकीच्यांना ‘मी जिवंत आहे’ असा संदेश धाडायचा, आणि दर दोन सेकंदांनी प्रत्येक जण तपासायचा की कोणाचा संदेश आला नाही. ज्याचा आला नाही तो गेला असं समजून त्याचं काम राखीव जोडीदार उचलायचा. आजच्या गेटवेंत ज्याला हार्टबीट म्हणतात तो हाच.

टँडममधल्या जिम ग्रे यांनी १९८५मध्ये ग्राहकांकडची यंत्रं नेमकी कशाने थांबतात याचा हिशेब मांडला. त्यातून बाहेर आलेलं चित्र अनेकांना अनपेक्षित होतं. हार्डवेअरमुळे १८ टक्के, सॉफ्टवेअरमुळे २५ टक्के, आणि देखभाल, दुरुस्ती, मांडणी करणाऱ्या माणसांच्या हातून ४२ टक्के. हार्डवेअरला जोडीदार देऊन ते दुखणं बऱ्यापैकी आटोक्यात आलं होतं, उरलेली दुखणी तशीच होती. फॉगमध्ये एका कर्मचाऱ्याच्या हाताखाली शेकडो-हजारो उपकरणं येतात, तेव्हा या आकड्यांचं वजन आणखी वाढतं.

‘मी जिवंत आहे’ हा संदेश एका खोलीत ठीक चालतो, कारण तिथे संदेश किती वेळात पोचणार हे ठाऊक असतं. दूरच्या आणि बेभरवशाच्या नेटवर्कवर तो उशिरा आला, तर यंत्र गेलं म्हणायचं की रेंज गेली? १९८५मध्येच मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन यांनी सिद्ध केलं, की संदेशाला किती उशीर होईल याला काही मर्यादाच नसेल आणि एखादंच यंत्र बंद पडू शकत असेल, तरीही सगळ्यांचं एकमत घडवून आणण्याची हमी देणारी ठाम पद्धत असू शकत नाही. मूळ अडचण अशी, की मंद यंत्र आणि मेलेलं यंत्र बाहेरून सारखंच दिसतं.

यातून मार्ग निघाला तो संशयाला स्थान देऊन. तुषार चंद्रा आणि सॅम टुएग यांनी १९९६मध्ये दाखवलं, की बिघाड ओळखणारा घटक चुकणारा असला, जिवंत यंत्रालाही कधी मेलेलं म्हणणारा असला, तरी काही किमान अटी पाळणारा असेल तर त्याच्या भरवशावर काम पुढे नेता येतं. २००४मध्ये जपानमधल्या संशोधकांनी त्यात भर घातली. ‘आहे’ किंवा ‘गेला’ असं उत्तर देण्याऐवजी संशयाची पातळी आकड्यात सांगायची, आणि आजवर त्या यंत्राचे संदेश किती अंतराने येत होते त्यावरून ती ठरवायची. जे नेहमीच दोन-तीन सेकंद उशीर करतं, त्याला पाच सेकंदांत मृत ठरवायचं नाही. जे घड्याळासारखं बोलतं, ते तेवढ्याच वेळात संशयित ठरतं. डोंगरातल्या आणि शहरातल्या गेटवेला एकच वेळमर्यादा लावू नये, हा धडा फॉग उभारणाऱ्यांना त्यातून मिळतो.

खोट्या संशयाचा आणखी एक धोका असतो. मुख्य गेटवे जिवंत आहे, पण त्याचा दुवा तुटला म्हणून राखीव गेटवेने कारभार हाती घेतला, तर एकाच व्हॉल्व्हला दोन धनी होतात. एक उघड म्हणतो, दुसरा बंद कर म्हणतो. यावर कॅरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन यांनी १९८९मध्ये मांडलेली मुदतीच्या हक्काची कल्पना कामी येते. हक्क कायमचा द्यायचा नाही, काही सेकंदांपुरताच द्यायचा आणि दर वेळी नव्याने मागायला लावायचा. दुवा तुटलेल्या गेटवेला मुदतवाढ मिळत नाही, त्याचा हक्क आपोआप संपतो, आणि त्यानंतरच दुसरा कामाला लागतो.

उपकरणाशी संवादाची आज सर्वत्र रुळलेली भाषा तेलाच्या पाइपलाइनीवर जन्मली. १९९९मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉमचे आर्लेन निपर यांनी एमक्यूटीटी तयार केली. ओसाड मुलुखातून जाणाऱ्या पाइपलाइनीवरची उपकरणं महागड्या उपग्रह दुव्यावरून बोलायची, तेव्हा शब्द जपून वापरणं भाग होतं. या भाषेत एक विलक्षण सोय आहे. जोडणी करतानाच उपकरण संदेश वाटणाऱ्या मधल्या ब्रोकरकडे एक शेवटचा संदेश ठेवून देतं : मी निरोप न घेता नाहीसा झालो, तर हे सगळ्यांना कळवा. उपकरणाने किती काळाने हजेरी द्यायची हेही तेव्हाच ठरतं, आणि त्याच्या दीडपट वेळ उलटूनही काही ऐकू आलं नाही तर ब्रोकर जोडणी तोडून तो ठेवलेला संदेश प्रसिद्ध करतो. ६० सेकंदांची हजेरी ठरली असेल, तर ९० सेकंदांत बातमी फुटते. बंद पडलेलं यंत्र स्वतः काही सांगू शकत नाही, म्हणून त्याने आधीच सांगून ठेवायचं, अशी ही सोय आहे.

ज्यावर सगळे विसंबून आहेत त्यानेच दगा दिला तर काय, याचे दोन दाखले २००५मध्ये मिळाले. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या संशोधकांनी बटाट्याच्या शेतात शंभरावर नोड बसवले. पानांभोवतीचं तापमान आणि दमटपणा मोजून करप्याचा अंदाज बांधायचा आणि फवारण्या वाचवायच्या, हा हेतू. पण चुकून अर्धवट तयार झालेला प्रोग्रॅम नोडवर चढला. दूरवरून नवा प्रोग्रॅम पसरवणारी सोय सतत बोलत राहिली आणि तिने बॅटऱ्या चार दिवसांत संपवल्या. हंगामाअखेर अपेक्षित माहितीपैकी जेमतेम २ टक्के हाती लागली. हा अनुभव संशोधकांनी मोकळेपणाने लिहून प्रसिद्ध केला आणि तो पुढच्या प्रत्येक उभारणीसाठी वाचनीय ठरला. दुरुस्तीसाठी ठेवलेली सोयच बिघाडाचं कारण होऊ शकते, हे त्यातून शिकायला मिळालं.

त्याच वर्षी हार्वर्डच्या गटाने इक्वेडोरमधल्या रेव्हेंतादोर या जागृत ज्वालामुखीवर १६ नोड १९ दिवस चालवले. राख, पाऊस, हादरे यांत उघड्यावर असलेले नोड आधी जातील, अशी कोणीही अपेक्षा केली असती. प्रत्यक्षात नोड चिवट निघाले. अडचण आली ती काही किलोमीटरवरच्या छपराखालच्या तळावर : जनरेटरची वीज जायची आणि तिथला लॅपटॉप बंद पडायचा. सॉफ्टवेअरमधल्या एका दोषाने तर सगळं जाळं एकदम तीन दिवस गप्प झालं. सगळे नोड एकाच तळावर आणि एकाच प्रोग्रॅमवर विसंबून असले, की त्यांची संख्या कितीही असो, ते एकत्रच जातात.

या अनुभवांच्या शेजारी एक भारतीय नाव ठळकपणे येतं. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले महादेव सत्यनारायणन कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८०च्या दशकापासून एका प्रश्नामागे लागले होते : सर्व्हरशी संपर्क तुटला तरी वापरणाऱ्याचं काम का थांबावं? जेम्स किसलर यांच्यासह त्यांनी कोडा या प्रणालीत याचं उत्तर दिलं. संपर्क असताना लागणाऱ्या फायली जवळ साठवून ठेवायच्या, संपर्क तुटला की त्या साठ्यावर काम चालू ठेवायचं, आणि संपर्क आला की मधल्या काळातले बदल सर्व्हरशी जुळवायचे. २००९मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह क्लाउडलेटची मांडणी केली. मोबाइलच्या जवळच, एका टप्प्यावर, छोटा पण ताकदवान सर्व्हर असावा आणि दूरच्या क्लाउडवर सगळं टाकू नये, असं ती मांडणी सांगते.

त्यानंतर तीनच वर्षांनी, २०१२मध्ये, सिस्कोचे फ्लाव्हिओ बोनोमी आणि सहकारी यांच्या निबंधाने फॉग कॉम्प्युटिंग हे नाव रूढ केलं. नोव्हेंबर २०१५मध्ये सिस्को, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, डेल, एआरएम आणि प्रिन्स्टन विद्यापीठ यांनी ओपनफॉग संघटना काढली. तिने मांडलेल्या आठ आधारस्तंभांत स्वायत्तता हा एक आणि विश्वासार्हता, उपलब्धता, दुरुस्तीसुलभता मिळून दुसरा. ही रचना २०१८मध्ये आयईईईचं १९३४ क्रमांकाचं मानक झाली.

स्वायत्ततेचं मोल ७ डिसेंबर २०२१ रोजी सगळ्यांना दिसलं. अॅमेझॉनच्या क्लाउडच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरच्या केंद्रात अंतर्गत नेटवर्क तुंबलं आणि काही तास सेवा कोलमडल्या. घरांच्या दारावरचे कॅमेरे आणि अॅपवर चालणारी झाडूयंत्रं अडली. यंत्रं धडधाकट होती, घरातलं वायफाय चालू होतं. फक्त निर्णय शेकडो मैलांवर घेतला जात होता. कंपनीच्या अभियंत्यांनाही आरंभी अडचण आली, कारण काय बिघडलं ते दाखवणारी यंत्रणाही त्याच नेटवर्कच्या आधाराने चालत होती.

महाराष्ट्रात मोबाइलशी जोडलेली उपकरणं फॉग हे नाव येण्याआधीच शेतात पोचली. रात्रपाळीच्या विजेसाठी अंधारात, विंचूकाट्यातून विहिरीवर जाणाऱ्या शेतकऱ्याला घरूनच पंप चालू-बंद करता यावा, म्हणून पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी नॅनो गणेश हे यंत्र बनवलं. मोबाइलवरून पंपाला हुकूम देता येतो आणि वीज आहे की नाही तेही कळतं. २००९मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. अशा मोबाइल स्टार्टरबरोबर पेटीत सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आणि ड्राय रनचं संरक्षण बसवतात, तेव्हा फॉगचं तत्त्व पूर्ण पाळलं जातं. एक फेज गेला किंवा विहीर आटली, तर मोटर तिथल्या तिथे ट्रिप होते. मोबाइलला रेंज आहे की नाही, शेतकरी झोपला आहे की जागा, यावर मोटरचं वाइंडिंग अवलंबून राहत नाही.

याच शिवारात दुसरा धडाही आहे. वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच प्रत्येकाने लावला, तर वीज आल्याक्षणी एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदम भार ओढतात आणि तो जळतो. ऑटो स्विच टाळा, कपॅसिटर बसवा, असं आवाहन महावितरण वरचेवर करत आली आहे. नेटवर्क परत आल्यावर हजारो उपकरणं एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडतात, तेव्हा नेमकं हेच घडतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईमध्ये नॉर्मन अब्रॅमसन यांच्या अलोहानेटने त्यावरचा उपाय घालून दिला : प्रत्येकाने आपापला थोडा, वेगवेगळा वेळ थांबून मग पुन्हा प्रयत्न करायचा. चांगल्या गेटवेंमध्ये हे थांबणं आज मुद्दाम घातलेलं असतं. शेतातल्या स्टार्टरमध्येही ऑन-डिले टायमर मिळतो. शेजाऱ्यांनी आपसात ठरवून तो वेगवेगळ्या वेळांवर लावला, तर डीपी वाचतो.

नगरपालिका दिव्यांचे खांब जोडत आहेत, पाणीपुरवठा योजनांवर सेन्सर बसत आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्या हवामान केंद्रं घेत आहेत. निविदेत सहसा उपकरणांची संख्या, किंमत आणि अॅपच्या सोयी लिहिलेल्या असतात. त्यात आणखी चार कलमं लिहून घ्यावीत. इंटरनेट गेल्यावर कोणतं काम जागेवर चालू राहील? उपकरण बंद पडल्याची बातमी कोणाला आणि किती मिनिटांत मिळेल? चुकीचा आकडा कोण, कुठे पकडेल? आणि वीज व नेटवर्क परत आल्यावर सगळी उपकरणं एकदम सुरू होणार की टप्प्याटप्प्याने? पुरवठादाराने उत्तरं कागदावर दिली, की स्वीकारण्यापूर्वी एकदा त्याच्यासमोर गेटवेची वीज काढून पाहावी आणि काय होतं ते नोंदवून मगच सही करावी.